बावीस नंबरचा दिवा

बुधवारी सकाळी दिनकरराव बर्गे पोह्यांच्या बशीकडे बराच वेळ बघत बसले आणि मग म्हणाले, "हे मी खाल्लेत."

"बशी भरलेली आहे, बाबा," केतकी म्हणाली.

"मग तू दुसऱ्यांदा वाढलेस. माझ्या मोजणीत चूक निघत नाही. छत्तीस वर्षं जमीन मोजायची साखळी ओढलीय मी."

"साखळी ओढणारे वेगळे. तुम्ही झाडाखाली उभं राहून आकडे लिहायचात. आईच सांगायची."

"तुझी आई कायम विरोधी पक्षात." त्यांनी चमचा उचलला. "लिंबू नाही?"

लिंबाची फोड बशीच्या कडेलाच होती. केतकीने ती पिळली. सात वाजून दहा मिनिटं झाली होती. सव्वासातची बस चुकली की ती काम करी त्या केंद्राच्या फाटकावर उशिराबद्दल नाव लिहिलं जाई. वडिलांनी पहिला घास घेईपर्यंत ती दारात चपला घालून उभी राहिली, आणि निघाली.

साताऱ्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात दोघंच राहत. केतकी त्रेचाळीस वर्षांची. तिने लग्न केलं नव्हतं आणि त्यावरचं बोलणं घरात कधीच संपलं होतं. धाकटा भाऊ संग्राम हैदराबादला. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. भूमापन खात्यातून निवृत्त झालेले दिनकरराव शहात्तर वर्षांचे, बावीस वर्षं मधुमेही, आणि अलीकडची दोन वर्षं विसरभोळे.

विसरणंही विचित्र होतं. हाताला सगळं आठवायचं, पोटाला काहीच नाही. दुपारी साडेबारा वाजले की त्यांचा हात आपणहून फ्रिजच्या दाराकडे जाई, इन्सुलिनचं पेन काढी, आठचा आकडा फिरवी आणि पोटात टोचून मोकळा होई. बावीस वर्षांची सवय. त्यानंतर जेवायचं असतं हे मात्र पुसून गेलेलं. टोचून झालं की आपण जेवलो अशी त्यांची पक्की खात्री होई आणि ते खुर्चीत जाऊन बसत. इन्सुलिन पोटात आणि अन्न ताटात. म्हणजे रक्तातली साखर उतरत जाणार, घाम, थरथर, मग ग्लानी, आणि त्याच्या पुढचं डॉक्टरांनी केतकीला बाजूला घेऊन सांगितलं होतं.

उपाय करून झाले होते. पेन लपवलं, तर त्यांनी शेजारी जाऊन चोरीची तक्रार केली. दंडावर चिकटवायची साखर मोजणारी चकती ते 'गोचीड' म्हणून उपटून टाकत. भिंतीवरचं बोलणारं यंत्र "दिनकरराव, जेवणाची वेळ झाली" म्हणालं की उत्तर ठरलेलं : "भिंतीशी मी बोलत नाही." केतकीने स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रण करून ठेवलं. त्यांनी त्याला विचारलं, "आज भाजी काय केलीय?" मुद्रणाला ते सांगता आलं नाही, आणि त्यांचा त्याच्यावरचा विश्वास उडाला. आठवड्यातून एकदाच घ्यायचं नवं इन्सुलिन पुढच्या महिन्यात सुरू होणार होतं. तोवर एकच गोष्ट चालत होती. द्वारकाबाई लोखंडे नऊला येत, स्वयंपाक करत, ताट वाढून झाकत आणि साडेअकराला पुढच्या घरी जात. बरोबर एक वाजता केतकी फोन करी. "बाबा, ताटावरचं झाकण काढा. काय दिसतंय?" ते सांगत. "आता पहिला घास घ्या. मी ऐकतेय." तीन मिनिटं. तेवढ्यावर ते जगत होते.

त्या बुधवारी संध्याकाळी ती परतली तेव्हा दिनकरराव खुर्चीत बसले होते. सदरा घामाने पाठीला चिकटलेला. तिला पाहून ते म्हणाले, "शालन, आज उशीर केलास."

शालन आईचं नाव. केतकीने पिशवी तिथेच टाकली, पाण्यात चार चमचे साखर ढवळली आणि पेला त्यांच्या ओठाला लावला. दहा मिनिटांनी त्यांच्या डोळ्यांत ओळख परतली. टेबलावरचं ताट अर्धं खाल्लेलं होतं. केव्हातरी, भुकेने, आपणहून.

"दुपारी फोन वाजला नाही," ते म्हणाले.

"कामात होते."

"बरं झालं. तुझा फोन म्हणजे हजेरी. मी काय शाळेत आहे?" मग, "हल्ली बरेच दिवस वाजत नाही, नाही का?"

"वाजतो, बाबा. तुम्ही विसरता," केतकी म्हणाली.

त्यांनी ते मान्य केलं. मान्य करताना ते थोडे ओशाळले.

*

फोन कामाचे नऊ दिवस वाजला नव्हता. त्याची हकिगत अशी.

केतकी ज्या परीक्षा गोपनीय केंद्रात काम करी, ते शहराबाहेरच्या माळावर होतं. राज्यातल्या साऱ्या प्रवेशपरीक्षांच्या प्रश्नपत्रिका तिथे पडताळल्या जात. आत जाताना फोन, घड्याळ, पेन, कागद, चष्म्याचं घरसुद्धा फाटकावरच्या कपाटात ठेवायचं. घरी बोलायला आत केंद्राचा एक फोन होता, आणि त्यावरच्या प्रत्येक फोनची नोंद केंद्र ठेवी. आत काहीही लिहायचं नाही, कारण लिहिलेलं बाहेर जाऊ शकतं. आणि काम मात्र असं की प्रत्येक प्रश्नपत्रिकेसाठी एकेचाळीस तपासण्या, ठरलेल्या क्रमाने. पर्यायांचा क्रम, गुण, मराठी आणि इंग्रजी पाठातला मेळ, आकृतीवरची अक्षरं. एक सुटली की पाच लाख मुलांचा पेपर रद्द. हे सगळं डोक्यात धरायचं. केतकीच्या दोन तपासण्या वर्षभरात सुटल्या होत्या. दोन्ही वेळा एकच्या आसपास. तिसऱ्या चुकीला बदली, आणि बदली म्हणजे नंदुरबार. वडिलांना तिथे नेणं शक्य नव्हतं आणि इथे ठेवणंही.

त्यामुळे केंद्राने प्रत्येकाला कामं लक्षात ठेवण्यासाठी स्वतःचं एक साधन निवडायची परवानगी दिली, तेव्हा तिला हायसं वाटलं. फाटकाबाहेरच्या खोलीत टेबलावर तीन वस्तू मांडल्या होत्या. पहिली मनगटावरची मणीपट्टी : काम झालं की एक मणी सरकवायचा. दुसरी पाटी : करड्या रंगाची, कशालाही न जोडलेली, फाटकातून बाहेर पडताना आपोआप कोरी होणारी. तिसरी वस्तू तांदळाच्या दोन दाण्यांएवढी होती. तिचं सरकारी नाव लांबलचक होतं. लोक तिला खुंटी म्हणत.

खुंटीची माहिती द्यायला नाझनीन मुजावर नावाची मुलगी आली होती. मेंदूविज्ञान शिकलेली, बोलायला मोकळी.

"समजा तुम्ही ठरवलं, चार वाजता दूध आणायचं," ती म्हणाली. "त्या क्षणी मेंदूच्या पुढच्या भागात पेशींचा एक छोटा गट पेटतो. आणि दूध आणेपर्यंत तो विझत नाही. मंद जळत राहतो. म्हणून राहिलेलं काम टोचतं. झालेलं टोचत नाही. आम्ही त्याला दिवा म्हणतो. प्रत्येक हेतूचा एक दिवा, आणि प्रत्येकाच्या जळण्याची ठेवण वेगळी. अंगठ्याच्या ठशासारखी."

"आणि ही?"

"ही कानामागे कातडीखाली बसते. दिव्याची ठेवण ओळखते. अगदी हलक्या प्रवाहाने दिवा मोठा करते किंवा बारीक करते. तो कशाचा आहे हे तिला कळत नाही. तिच्यात एक शब्दही नसतो, फक्त आकडे. दिवा क्रमांक सात, दिवा क्रमांक आठ. चोरून न्यायला काहीच नाही. म्हणून सुरक्षावाले खूश आहेत."

सुरक्षा अधिकारी शेंडे मागे उभे होते. "आम्ही खूश कधीच नसतो," ते म्हणाले. "आम्ही निर्धास्त असतो."

नाझनीन हसली. "आत करायची कामं यादीत घालायची. फाटक ओलांडलं की यादीतले दिवे मोठे होतात. बाकीचे सगळे बारीक. विझत नाहीत हं. बारीक होतात. बाहेर पडलात की जसेच्या तसे."

"घरचं एखादं काम आत करायचं असलं तर?"

"घाला यादीत. शेंडे साहेब वाचतील, कारण विचारतील, शिक्का मारतील."

शेजारचा सहकारी मणीपट्टी बांधून बघत होता. "मॅडम, जपमाळच घ्या," तो म्हणाला. "परीक्षा नाही झाली तर मोक्ष तरी मिळेल."

केतकीने खुंटी निवडली. यादी लिहायला बसली तेव्हा तिने एकेचाळीस तपासण्या लिहिल्या. बेचाळिसाव्या ओळीवर पेन थांबलं. 'वडिलांना फोन, एक वाजता.' पुढचा रकाना होता : कामाचं कारण. तिथे काय लिहिणार? 'वडील जेवायचं विसरतात'? शेंडे ते मोठ्याने वाचणार. ज्या माणसाने अख्ख्या तालुक्याच्या हद्दी आखल्या, त्याला घास घे म्हणून सांगावं लागतं, हे चारचौघांत. आणि बाप म्हणजे का काम आहे? कामाच्या यादीत, आकृतीवरच्या अक्षरांच्या खाली, त्याला घालायचं? हे काही यंत्राने आठवून द्यावं लागणार नाही, तिने ठरवलं, आणि ओळ कोरी सोडली.

पहिल्या दिवशी फाटक ओलांडलं, आणि खांद्यावरचं ओझं कुणी मागून अलगद उतरवून घ्यावं तसं झालं. काही नाहीसं झालं नव्हतं. वडील आहेत, घरी आहेत, हे तिला माहीत होतं. त्याचं काही वाटत नव्हतं, इतकंच. ती नजर उचलून समोरच्या प्रश्नाकडे बघायची आणि समोर फक्त प्रश्न असायचा. दोन वर्षांत असं झालं नव्हतं.

पहिले तीन दिवस एक वाजता काहीतरी खुपलं आणि तिने फोन केला. चौथ्या दिवशी ते एक चाळीसला खुपलं, तेव्हा केला. शुक्रवारी खुपलंच नाही. संध्याकाळी फाटकाबाहेर पाऊल पडताच राहिलेला फोन टोचला, ती बसमध्ये दाराशीच उभी राहून घरी आली, आणि वडील टीव्ही बघत खाकरा खात होते. "काय गं, वाघ मागे लागला?" ते म्हणाले.

यादी बदलायची खिडकी फाटकाच्या आत होती. सोमवारी तिने पक्कं ठरवलं की आत शिरल्याबरोबर खिडकीशी जायचं. फाटक ओलांडलं, आणि खिडकीशी जायचंय हाही एक दिवाच होता, यादीत नसलेला. ती खिडकीवरून सरळ पुढे गेली.

संध्याकाळी हे तिच्या ध्यानात आलं. नाझनीनचा नंबर तिच्या फोनमध्ये होता. बाहेरून एक फोन केला असता, तर यादीत ओळ वाढवता आली असती. तो फोन तिने मंगळवारी केला नाही. बुधवारी केला नाही. तो आठवडा तसाच गेला, पुढचाही तसाच सुरू झाला. रोज रात्री ठरवायची, रोज सकाळी बसमध्ये नंबर काढून बघायची, आणि मग फाटक यायचं.

*

गुरुवारी सकाळी बसमध्ये तिने नंबर काढला. आदल्या संध्याकाळचा घामेजलेला सदरा अजून डोळ्यांसमोर होता. नावावर अंगठा टेकवायचा राहिला होता. आज फोन लावला तर नाझनीन म्हणेल, लगेच करते. मग उद्यापासून एक वाजता पुन्हा, काय दिसतंय, घास घ्या, मी ऐकतेय. उद्या, परवा, महिनाभर. ते नवं इन्सुलिन आल्यावरही दुसरं काहीतरी. फाटक दिसू लागलं. तिने फोन पर्समध्ये टाकला.

दिवस फार छान गेला. एकेचाळीस तपासण्यांचे चार संच, एकही चूक नाही. तिघांच्या नजरेतून सुटलेली एक खोट तिने भूमितीच्या प्रश्नात काढली. जेवताना शेंडे म्हणाले, "बर्गेबाई, तुमचा चेहरा हल्ली पगारवाढ झाल्यासारखा दिसतो." ती मनापासून हसली. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाताना एक वाजून वीस मिनिटं झाली होती. भूक लागली होती आणि चव लागत होती.

सहा वाजून चार मिनिटांनी ती फाटकाबाहेर आली, आणि तो दिवा लख्ख पेटला : बाबांना फोन करायचाय. कपाटातून फोन काढला. त्यावर द्वारकाबाईंचे अकरा फोन येऊन गेले होते.

द्वारकाबाई त्या दिवशी राहिलेली भांडी घासायला पाचला परत आल्या होत्या. दिनकरराव खुर्चीत होते. ताट झाकलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, तीनच्या सुमारास.

माणसं जमली. कुणीतरी केतकीला पाणी दिलं. द्वारकाबाई पदर तोंडाशी धरून भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "ताई, येकला फोन केलावता न्हवं? काय म्हनले तात्या?"

केतकी म्हणाली, "जेवतो म्हणाले."

हे ती विचार करून बोलली नव्हती. पण बोलली, आणि खोलीतल्या सगळ्यांनी ऐकलं.

*

संग्राम दुसऱ्या दिवशी पहाटे पोहोचला.  तिसऱ्या दिवशी तो हिशोब मांडायला लागला, कारण त्याला कुणावर तरी रागवायचं होतं.

"ताई, तू फोन केलास. तू तुझं केलंस," तो म्हणाला. "मग राहिलं कोण? ती बाई. जेवायला घालून जायचं तिला काय झालं होतं?"

"ती साडेअकराला जाते. आधीपासून ठरलेलं आहे."

"ठरलेलं असू दे. म्हातारा माणूस समोर आहे, विसरतो हे माहीत आहे. ताट झाकायचं आणि निघायचं? कुत्र्याला घालतात तसं?"

 केतकीने तेव्हा बोलायला हवं होतं. येणारे-जाणारे तिच्या पाठीवरून हात फिरवून म्हणत होते, पोरीने बापाचं केलं तसं कुणी करणार नाही. तिला प्रत्येक वेळी मान खाली घालावी लागे, आणि लोकांना तो तिचा विनय वाटे.

संग्रामने प्रभाग कार्यालयात तक्रार नोंदवली. घरकाम करणाऱ्या प्रत्येक बाईला आता कामपत्र असे. ते दाखवल्याशिवाय कुठल्याही सोसायटीचं फाटक उघडत नसे. निष्काळजीपणाने मृत्यू असा शेरा कामपत्रावर पडला की तो जन्मभर पुसला जात नसे, गाव बदललं तरी. द्वारकाबाई एकोणपन्नास वर्षांच्या होत्या. दुसरं काम त्यांना येत नव्हतं. तक्रार पोहोचली त्या दिवशी चार घरांनी त्यांना 'निकाल लागेपर्यंत येऊ नका' म्हणून सांगितलं.

त्या केतकीकडे आल्या. आत यायला तयार होईनात. जिन्यातच उभ्या राहिल्या.

"म्या कुनाला सांगितलं न्हाई," त्या म्हणाल्या, "पर तुमास्नी ठावं हाय. तात्यांला जेवाय बसवायचं काम माजं नव्हतं. तुमी फोनवर बसवत हुता. त्या दिवशी तुमी त्यांला बसवलं, ते बसलं न्हाईत. यात म्या काय केलं, ताई?"

"मी बोलते," केतकी म्हणाली.

"बोला. तुमचं ऐकत्याल."

केंद्राची फोनची नोंदवही कुणालाही दाखवली जात नाही, न्यायालयाने मागितली तरी. घरातल्या जुन्या फोनवर आलेल्या फोनची नोंद राहत नव्हती. एक वाजता फोन झाला की नाही, हे जगात फक्त केतकीला माहीत होतं. ती बोलली नसती तर ते कधीच कुणाला कळलं नसतं.

आठव्या दिवशी तिला केंद्रात जावं लागलं. आठवड्याहून लांब रजा असली की खुंटी काढून जमा करायची असा नियम होता. फाटकाबाहेरच्या त्याच खोलीत नाझनीनने कानामागची चीर बधिर केली, चिमट्याने तो दाणा काढला आणि त्यातली नोंद वाचणाऱ्या यंत्रावर ठेवला. आकडे उमटू लागले.

"फार वाईट झालं, मॅडम," ती म्हणाली. "मी येणार होते घरी."

"तुम्हाला एक विचारू?" केतकी म्हणाली. "संध्याकाळी सहाला मला अजून वाटतं, त्यांना फोन करायचाय. रोज. अगदी हात पर्समध्ये जातो."

नाझनीनने मान हलवली. "ते खुंटीमुळे नाही. तो दिवाच तसा असतो. काम झालं की विझतो. आता ते काम व्हायचंच नाही." आपण काय बोललो हे लक्षात येऊन ती गडबडली आणि पडद्याकडे वळली. मग तिच्या भुवया उंचावल्या.

"अरे वा. हे काय आहे?"

"काय?"

"हा बावीस नंबरचा दिवा. यादीबाहेरच्या दिव्यांतला बाविसावा. फार चिवट होता बघा कशाचा तरी. शेवटच्या दिवशी दुपारी बारा ते तीन, सतरा वेळा वर यायचा प्रयत्न केलाय त्याने. सतराही वेळा दाबला गेला." तिच्या आवाजात अभ्यासकाचं कौतुक होतं. "खुंटी एवढं दाबत नाही खरं म्हणजे. सुरुवात तीस टक्क्यांवर असते. पुढचं ती तुमच्याकडून शिकते."

"माझ्याकडून कसं?"

"दिवा बारीक केल्यावर माणसाला हलकं वाटलं की तेही तिला कळतं. जितकं हलकं वाटेल, तितका पुढच्या वेळी ती तो दिवा जास्त दाबते. नाही वाटलं, तर सोडून देते. लोकांचे घरचे दिवे साधारण चाळीस टक्क्यांपर्यंत जातात. कुणाला मुलांची आठवण यावीशी वाटते, कुणाला नवऱ्याची. खुंटी ते ओळखते, त्यांना हात लावत नाही." तिने आकड्यावर बोट ठेवलं. "तुमचा हा बावीस सत्त्याण्णववर गेलाय. सत्त्याण्णव मी आजवर कुणाचा पाहिला नाही. काय कटकट होती हो इतकी?"

केतकीने कानामागच्या पट्टीला हात लावला.

"आठवत नाही," ती म्हणाली.

"बघा, म्हणजे चांगलं काम केलं तिनं," नाझनीन म्हणाली, आणि दाणा पाकिटात घालून त्यावर नाव लिहिलं.

*

प्रभाग कार्यालयातली सुनावणी तेराव्यानंतरच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकराला होती. संग्रामचं परतीचं विमान संध्याकाळचं होतं. खोलीत एक लांब टेबल, भिंतीवर कॅलेंडर, आणि नोंदणी अधिकारी पाटणकर मॅडम. वयाने साठीजवळ आलेल्या, असंख्य घरांची भांडणं ऐकून न चिडता बोलायची सवय लागलेल्या. द्वारकाबाई टेबलाच्या टोकाला बसल्या होत्या. इस्त्रीची साडी नेसून आल्या होत्या.

संग्रामने जबाब दिला. मुद्देसूद, आवाज न चढवता. त्याने वडिलांचा फोटो टेबलावर ठेवला. शेवटी म्हणाला, "आम्हाला सूड नको आहे. दुसऱ्या कुणाच्या वडिलांना असं होऊ नये, एवढंच."

"द्वारकाबाई, तुम्हाला काय सांगायचंय?"

"म्या ताट वाढलं. झाकलं. तात्यांला सांगितलं, ताट हितं हाय." त्यांनी केतकीकडे पाहिलं. "बाकी ताई सांगत्याल."

"केतकी बर्गे," पाटणकर मॅडम म्हणाल्या. "तुमच्या भावाच्या जबाबात आहे की तुम्ही त्या दिवशी एक वाजता वडिलांना फोन केला, ते जेवतो म्हणाले. एवढ्यावर सही करायची आहे. बरोबर आहे ना?"

कागद तिच्यापुढे सरकला. केतकीने तो वाचला. सवयीने ती शब्द शब्द तपासत गेली. तारीख बरोबर होती. वडिलांचं नाव बरोबर होतं. वेळ बरोबर होती.

"बरोबर नाही," ती म्हणाली. "मी फोन केला नव्हता."

संग्राम वळला. "ताई, तूच म्हणालीस."

"म्हणाले. खोटं बोलले. गुरुवारी केला नव्हता. बुधवारी नाही. त्याच्या आधीचे कामाचे आठ दिवस नाही. बाबांना जेवायला बसवायचं काम माझं होतं. द्वारकाबाईंचं कधीच नव्हतं. त्यांचं नाव काढा यातून."

द्वारकाबाईंनी डोळे मिटून घेतले. संग्रामचा चेहरा आधी कोरा झाला, मग त्याला काहीतरी सुचलं, आणि तो घाईने म्हणाला, "ते यंत्र. मॅडम, हिच्या ऑफिसात कानामागे एक यंत्र बसवतात, घरचं सगळं विसरायला लावतात. हिचा दोष नाही. त्यांच्यावर केस करू. ताई, ते यंत्र होतं ना?"

"होतं. तीन वस्तू ठेवल्या होत्या. ती मी निवडली."

"पण तुला काय माहीत की—"

"पहिल्याच शुक्रवारी माहीत झालं."

पाटणकर मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग त्या हलक्या आवाजात, एखाद्याला दार उघडून द्यावं तसं म्हणाल्या, "बाई, कामाच्या धबडग्यात विसरलात, असं लिहू का? माणूस विसरतो."

तसं लिहिलं असतं तर द्वारकाबाई सुटल्या असत्या. संग्रामने तिला मिठी मारली असती. विसरणं हे घरात वडिलांपासूनच चालत आलेलं होतं. कुणीही तिला क्षमा केली असती.

"विसरले नाही," केतकी म्हणाली.  "आत असताना कळत नव्हतं. पण रोज संध्याकाळी सहाला कळत होतं. अख्खी रात्र कळत होतं. सकाळी बसमध्ये नंबर समोर असायचा. तो मी लावत नव्हते, कारण लावला असता तर बाबा परत माझ्या डोक्यात आले असते."

"ताई, पुरे," संग्राम म्हणाला.

"नाही, लिहून घ्या. ते जिवंत असताना मी हे कुणाला बोलले नाही. त्यांना नाही, तुला नाही, स्वतःला नाही. सगळे मला म्हणायचे, किती करतेस बापाचं, आणि मी ऐकून घ्यायची. मला बाबांचा कंटाळा आला होता. त्यांच्या ताटाचा, त्यांच्या आवाजाचा, त्या एक वाजण्याचा. ते आहेत आणि माझ्या मनात नाहीत, असे ते दिवस होते, आणि त्या दिवसांत मी सुखात होते, बाबा. मी फार सुखात होते."